४८६ वर कर्नल का अडतो?

प्रश्न: माझा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) क्यूएमू या एम्युलेटरमध्ये छान चालतो. खऱ्या ४८६ प्रोसेसरवर मात्र ६ नंबरचं एक्सेप्शन (अनोळखी इन्स्ट्रक्शनची चूक) येतं. कंपायलरला ‘-मार्च=आय४८६’ (म्हणजे ४८६ साठी कोड बनव) देऊनही तेच. असं का?

उत्तर: मीही इथेच दोन रात्री घालवल्या आहेत. तुमचा जीसीसी कंपायलर ‘आय६८६-ईएलएफ’साठी, म्हणजे ४८६ नंतरच्या प्रोसेसरांसाठी बांधलेला असणार. तो सीमूव्ह (अट पाहून डेटा हलवणारी इन्स्ट्रक्शन) बिनदिक्कत वापरतो, आणि ही इन्स्ट्रक्शन १९९५ च्या पेंटियम प्रोपासूनची. ४८६ ला ती ठाऊकच नाही. ‘-मार्च’मुळे तुमचा कोड सुधारला, पण लिबजीसीसी ही जीसीसीची मदतनीस लायब्ररी कंपायलरबरोबरच आधी तयार झालेली असते. ६४ बिटी भागाकार केलात की ती गुपचूप आत येते. ऑब्जडम्प या टूलने अख्खा कर्नल उलगडून सीमूव्ह शोधा. जीसीसीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला ‘--विथ-आर्च=आय४८६’ द्या आणि रिकाम्या फोल्डरात लिबजीसीसीसकट सगळं नव्याने बांधा. जुन्या फोल्डरात मुळीच नको!