मॉडेल आधी माळ्यावरून खाली काढा

खानापूरहून एका वडिलांचं पत्र: मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे. पहिल्या वर्षी ७८ टक्के. कॉलेजच्या प्रदर्शनात कप्प्यांचं मॉडेल केल्यापासून ‘म्युझियमची प्रदर्शनं डिझाइन करणार’ म्हणते. सीईटीचा अभ्यास बुडू नये म्हणून मी मॉडेल माळ्यावर टाकलं. मंडप-सजावटीसाठी एवढं शिकवायचं का?

तुमच्या पत्रात ७८ टक्के तीनदा आलेत. मॉडेल बघून लोक काय म्हणाले, ते एकदाही नाही. मार्क ठीक आहेत; मला काळजी माळ्याची वाटते. पोरीनं हातानं केलेली वस्तू नजरेआड टाकल्यानं अभ्यास वाढत नाही, तिचं घरात बोलणं तेवढं कमी होतं. ते आजच खाली काढा. सीईटीचं बोलणं त्यानंतर.

आणि ही मंडप-सजावट नव्हे. अनोळखी माणूस, शिकवायला कोणी नसताना, उभ्याउभ्या मिनिटभरात काय करून बघेल आणि त्यातून त्याला काय उमगेल, हे ठरवणं म्हणजे प्रदर्शन रचणं. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय उभारलं ते याच विचारावर. बटण दाबलं की दिवा लागतो, असल्या मॉडेलपाशी मुलं दाबतात आणि पळतात. त्यांना ठरवायला काही ठेवलेलंच नसतं.

तिच्या कप्प्यांचंच घ्या. ५ किलोची दोन सारखी वजनं शेजारीशेजारी टांगा, एक स्थिर कप्पीवर, दुसरं वजनासोबत वर चढणाऱ्या सरकत्या कप्पीवर. दोरांच्या मुठी एकाच उंचीला हव्यात. सरकत्या कप्पीला जोर साधारण निम्मा लागतो, दोर दुप्पट ओढावा लागतो. वजन १ किलोच घेतलं, तर कप्पीचं स्वतःचं वजन आणि घर्षण यांत तो फरक हाताला कळत नाही. पाटीवर आधीच उत्तर लिहिलं तर दोर कोणी ओढत नाही. वर एकच प्रश्न लिहा: ‘कुठला दोर जास्त ओढावा लागला?’ उत्तर झडपेखाली, पन्नासेक शब्दांत, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत. आपल्या भागात एक भाषा बारीक टाकली की ती वाचणारा पाटीपासूनच मागं फिरतो.

रविवारी ते गल्लीत मांडा. तिनं लांब बसून वहीत लिहावं: पहिला हात कुठं गेला, माणूस किती वेळ थांबला, सोबतच्याला काय म्हणाला. मग एकच गोष्ट बदलून पुन्हा बघावं. डिझाइनच्या मुलाखतीत ही वही चकचकीत चित्रांपेक्षा जास्त बोलते.

परीक्षा म्हणाल तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट आणि आयआयटींच्या डिझाइन पदवीची यूसीड, या दोन्ही प्रवेशपरीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेला खुल्या. अहमदाबादच्या एनआयडीत एक्झिबिशन डिझाइन हा वेगळा विषयच आहे. सीईटीही देऊ द्या. विज्ञान केंद्रांना इंजिनिअर लागतातच, आणि पदवीनंतर बडोद्याला म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, करता येतं.

तोवर तिला कित्तूरच्या संग्रहालयात घेऊन जा. लोक कशापाशी थांबतात आणि काय न बघता पुढं जातात, ते तिला तासभर टिपू द्या. त्या तासात सीईटीचा विषय काढू नका.