उरतं किती, ते बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. डब्लिनला प्रवेश मिळाला, कर्जही मंजूर झालं, आणि आता कुणा मित्राने तुझ्या डोक्यात भरवलं की आयर्लंडची श्रीमंती नुसती कागदावरची आहे. 'काका, देश खरा श्रीमंत आहे की नाही?' असं विचारतेस. अगं, येतं किती हे सगळेच विचारतात. तू उरतं किती, ते बघ.

२०१५ या एका वर्षात इथला जीडीपी, म्हणजे देशातलं वर्षाचं एकूण उत्पादन, २६ टक्क्यांनी वाढल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. मी इथेच होतो. आमच्या गल्लीत कोणाचाही पगार तसा वाढला नव्हता. बड्या परदेशी कंपन्यांनी आपल्या पेटंटांची मालकी इथल्या शाखांच्या नावावर केली. नफा आयर्लंडच्या वहीत चढला आणि बराचसा बाहेर गेला. शेवटी इथल्या सांख्यिकी खात्याला २०१७ पासून असा फुगवटा वगळून वेगळं, सुधारित राष्ट्रीय उत्पन्न मोजावं लागलं. अलीकडे ते जीडीपीच्या साठ टक्क्यांच्या आसपास भरतं. उलट २०२३ मध्ये जीडीपी घसरला, तरी रोजगार वाढतच होता. तुझ्या त्या मित्राला हेही सांग.

पण सगळं पोकळ म्हणू नकोस, मला राग येतो. पन्नाशीच्या दशकात इथली लाखो माणसं पोटासाठी देश सोडून गेली. १९५८ मध्ये व्हिटेकर या सरकारी सचिवाने परदेशी व्यापार आणि भांडवलासाठी बंद दारं उघडायची योजना मांडली, १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. कंपन्या उद्या गेल्या तरी ती शिकलेली माणसं उरतील.

मी स्वतः २००६ मध्ये वाढीचे आलेख बघून घर घेतलं. बँकेने कर्ज हसत दिलं. २०१० मध्ये देशालाच युरोप आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावे लागले, आणि २०१२ पर्यंत माझ्या घराची किंमत निम्म्याच्याही खाली गेली. हप्ता मात्र तोच. आईच्या आजारपणात पुण्याला जाऊन राहायचं होतं, ते राहून गेलं. नातेवाईक म्हणतात मी हट्टाने इथे राहिलो. घर विकूनही कर्ज डोक्यावरच राहिलं असतं. मी दुसरं काय करणार होतो? आजही मला तसंच वाटतं.

पुढचं विचारतेस, तर कंपनी कराचा निम्म्याहून जास्त पैसा दहाच कंपन्यांकडून येतो, ही खरी धास्ती आहे. सरकार आता त्यातला काही भाग भविष्य निधीत बाजूला टाकतंय. उरतं किती, हे त्यांनाही कळलंय. घरांची टंचाई मात्र सुटलेली नाही, आणि तुला चटका तिचाच बसेल.

तू पाठवलेल्या खर्चाच्या तक्त्यात फी आहे, विमान आहे, कर्जाचा हप्ता आहे. खोलीभाड्याचा रकाना कोरा आहे. तो भर आणि रविवारी फोन कर.

तुझा,
काका