बाळंतिणीचं पाणी तोडू नका

प्रश्न : बायकोचं सिझेरियन होऊन अकरा दिवस झाले. आई तिला दिवसाला तीनच भांडी पाणी देते. जेवायला तूप-भात आणि डिंकाचे लाडू, पालेभाजी बंद. 'पाण्याने पोट सुटतं, बाळाला सर्दी होते,' असं तिचं म्हणणं. बायकोला चार दिवस शौचाला झालेलं नाही, रोज रात्री रडते. मी कुणाची बाजू घेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी पाणी, बाजूचं नंतर बघू. अंगावर पिणारं बाळ थोड्याच दिवसांत रोज पाऊण लिटरच्या आसपास दूध ओढतं आणि त्यातलं बहुतेक पाणीच असतं. ते आईच्या शरीरातून जातं. भरून निघालं नाही तर मल कोरडा होतो, लघवीला जळजळ सुरू होते. पोट दिसतं ते गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागतात म्हणून, आणि ताणलेले स्नायू सैल असतात म्हणून. आईने पाणी प्यायल्याने बाळाला सर्दी होत नाही.

उशाशी थर्मास ठेवा. दर वेळी पाजायला बसली की एक भांडं. दिवसातून आठ-दहा वेळा पाजणं होतं, म्हणजे दोन लिटर तिथेच झाले. आईंना कोमटच हवं असेल तर कोमट द्या, त्यावर वाद घालू नका.

लाडू चांगलाच, पण सकाळी एक. तीन खाल्ले की जेवण जात नाही. मेथी आणि शेपू तर जुन्या बाळंतिणींच्या ताटात असायचीच, हे आईंना आठवण करून द्या. सोबत मुगाचं वरण, दुधी, दोडका. लोहाच्या गोळीनेही मल कडक होतो, तरी ती बंद करू नका. सहा महिने घ्यायची असते. कॅल्शियम आणि चहा लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. शौचाला बसताना पायाखाली पाट आणि पोटावर घडी केलेला टॉवेल धरायला सांगा, टाके उसवतील ही भीती कमी होते. पण चार दिवस झालेत, तेव्हा आजच डॉक्टरांना फोन करून पातळ औषध विचारा.

रडण्याचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होऊन दोन आठवड्यांत ओसरणारं रडू बहुतेकींना येतं. हे उत्तर वाचेपर्यंत पंधरवडा उलटला असेल आणि रडू थांबलं नसेल, झोप मिळूनही ती झोपू शकत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचा विचार बोलून दाखवला तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका, थेट रुग्णालयात न्या.

रात्री पाजून झालं की बाळ तुम्ही घ्या : ढेकर, लंगोट, झोपवणं. तिला सलग झोप मिळेल अशी तेवढीच जागा आहे.

आईंशी भांडू नका. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि पाण्याचा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा.

तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, 100.4 अंशांच्या वर ताप, टाक्यातून पू, एकाच पोटरीला सूज, धाप, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.