याला हे कसं कळलं?

पोरी,

तुझ्या प्रबंधाचा पहिला चॅप्टर काल रात्री बसून वाचला, दोनदा वाचला. भाषा छान झालीय, आणि कुंडलची पोरगी कुंडलवर लिहितेय म्हटल्यावर जी कळकळ दिसायला पाहिजे ती पानोपानी दिसतेय. पण वाचून झाल्यावर मी सवयीनं फुटनोट मोजायला घेतल्या, एकूण 43 निघाल्या, त्यातल्या 38 तीनच पुस्तकांच्या, आणि ती तिन्ही पुस्तकं पत्री सरकार, म्हणजे बेचाळीसनंतर आपल्या भागात इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी चालवलेलं प्रतिसरकार, संपल्यावर कित्येक वर्षांनी लिहिलेली. तू परवा व्हॉट्सॲपवर विचारलं होतंस की "मॅडम, गाईड म्हणतात प्रायमरी सोर्स कमी पडतात, मग आत्मचरित्र प्रायमरी धरू का सेकंडरी?" त्याचं उत्तर दोन ओळीत टाईप करून पाठवलं असतं तर तुझं नुकसानच झालं असतं, म्हणून हे लांबलचक लिहिते.

व्याख्या तुला पाठ असणार. घटना घडली त्या वेळचा किंवा ती बघितलेल्या, केलेल्या माणसाचा पुरावा तो प्रायमरी, आणि असे पुरावे वाचून, जुळवून नंतर कुणी मांडणी केली ती सेकंडरी. नेट-सेटच्या पेपरला एवढं पुरतं. पण त्यातनं पोरांचा असा समज होतो की कागदाच्या कपाळावरच शिक्का मारलेला असतो, हा प्रायमरी, तो सेकंडरी, आपण फक्त दोन ढीग लावायचे. तसं नसतं गं. तू त्या कागदाला काय विचारतेस त्यावर तो कुठल्या ढिगात जाणार ते ठरतं.

आपल्या साताऱ्याचंच उदाहरण घे. ग्रँट डफ 1818 ते 1822 साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून होता, छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या राज्याचा कारभार त्याच्या देखरेखीखाली चालायचा, आणि पुढं विलायतेला गेल्यावर 1826 ला त्यानं मराठ्यांचा इतिहास तीन खंडात छापला. आता तू शिवाजी महाराजांवर लिहीत असशील तर ग्रँट डफ सेकंडरी, त्यानं दुसऱ्यांचे कागद, बखरी वाचून लिहिलंय आणि तिथं तो चुकतोही, नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी 1860 च्या दशकातच त्याच्या चुका काढून दाखवल्या होत्या. पण तोच ग्रँट डफ, 1820 साली कंपनीचा साहेब साताऱ्याच्या गादीकडं कुठल्या नजरेनं बघत होता हा तुझा प्रश्न असेल तर अस्सल प्रायमरी. पुस्तक तेच, पान सुद्धा तेच असू शकतं.

बखरींचं पण तसंच आहे. चिटणिसांची बखर साताऱ्याच्या दरबारात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली गेली, म्हणजे प्रतापगडाखाली अफझलखान पडला त्या 1659 पासनं दीडशे वर्षांनी, तेव्हा त्या भेटीत काय घडलं याला ती साक्षीदार होऊ शकत नाही. सभासद बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद तरी महाराजांच्या काळातला माणूस, त्यानं राजाराम महाराजांसाठी जिंजीला बसून 1690 च्या दशकात लिहिलं, तरी पण मधे पस्तीस-एक वर्षं गेलेलीच होती. पण साताऱ्याची गादी पेशव्यांच्या हाताखाली गेलेली असताना दरबारातली माणसं शिवकाळ कसा आठवत होती हे ज्याला बघायचंय त्याला चिटणिसांच्या बखरीसारखा कागद नाही, तिथं ती प्रायमरीच.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे की आत्मचरित्र पण एकसलग एका ढिगात टाकता येत नाही, त्याची वाक्यं वेगवेगळी करावी लागतात. पत्री सरकारच्या माणसांनी शेणोलीची रेल्वेगाडी लुटली ते बघ, 7 जून 1943. त्या दिवशी रुळावर उभा असलेला एक माणूस, दूर रस्त्यावर पहाऱ्याला ठेवलेला दुसरा, आणि तेव्हा तुरुंगात असलेला आणि आत आलेल्या सोबत्याकडनं ऐकलेला तिसरा. तिघंही चळवळीतले, तिघंही खरे, तिघांनीही उद्या आठवणी लिहिल्या तर कव्हरवर स्वातंत्र्यसैनिक असंच छापणार. पण गाडी थांबवली त्या क्षणाला साक्षीदार एकच आहे, दुसऱ्यानं फक्त रस्ता बघितलाय आणि तिसऱ्यानं सगळं ऐकलंय. म्हणून वाचताना हातात पेन्सिल ठेवायची आणि जिथं जिथं काही ठाम विधान येईल तिथं समासात लिहायचं, याला हे कसं कळलं? मी आजपण असंच वाचते, माझ्याकडची पुस्तकं उघडलीस तर सगळीकडं हे दोन शब्दांचं "कसं कळलं" दिसेल.

हे मला फार उशिरा समजलं आणि ते कसं समजलं ते सांगते. मी तरुण असताना वाळवा भागातल्या एका आजोबांची मुलाखत घेतली होती, टेपरेकॉर्डर घेऊन, तीन कॅसेट भरल्या. त्यांनी एका रात्रीचा प्रसंग असा सांगितला की अंगावर काटा आला, अंधार कसा होता, कोण पुढं होतं, कुत्री कशी भुंकायला लागली, सगळं. मी तो प्रसंग जसाच्या तसा प्रत्यक्षदर्शी म्हणून लिहिला. दीडएक वर्षानं एक जुनं छापील आठवणींचं पुस्तक हाताला लागलं, दुसऱ्याच माणसाचं, आणि त्यात तो प्रसंग होता, तीच कुत्री, तोच क्रम, दोन-तीन वाक्यं तर शब्दाला शब्द. मी परत आजोबांकडं गेले, भीतभीतच विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले की हो, ते पुस्तक आमच्या घरात सगळ्यांनी वाचलंय, मी त्या रात्री गावात होतो पण तिकडं नव्हतो. त्यांनी खोटं सांगितलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. चाळीस-पन्नास वर्षं तोच प्रसंग ऐकून, वाचून, सभेत सांगून तो त्यांचाच झाला होता. चूक माझी, "तुम्ही तेव्हा नेमके कुठं उभे होता?" हा एक प्रश्न मी विचारलाच नव्हता. माझ्या समोर बसलेला माणूस प्रायमरी होता पण त्याच्या तोंडनं पुस्तक बोलत होतं. तू मुलाखती घेशील तेव्हा हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटात विचार, आणि तेव्हाचं वय विचार, शाळेत कितवीला होता असं विचारलं की बरोबर सांगतात.

तुझ्या चॅप्टरमधलं "पत्री" शब्दाचं वाक्य बघ, पान 9. तू सरळ लिहिलंस की खबऱ्यांच्या पायाला पत्रे ठोकायचे म्हणून पत्री सरकार. आपल्याकडं निदान तीन गोष्टी सांगतात, एक ही, घोड्याला नाल ठोकतात तशी, दुसरी अशी की पाय बांधून तळव्यावर काठीचे तडाखे द्यायचे त्यालाच पत्री म्हणायचे, आणि तिसरी की लोकांच्या तोंडी प्रतिसरकारचं पत्री सरकार झालं. तू फुटनोट दिलीस 1980 नंतरच्या एका पुस्तकाची. त्या पुस्तकाला कसं कळलं? त्याच्या फुटनोटला जा, तो ज्याचं नाव देतो तिथं जा, असं मागं मागं जात 1943-44 चा एखादा कागद, पोलिस रिपोर्ट, वर्तमानपत्रातली बातमी, कोर्टातली जबानी, काहीतरी असं गाठ की ज्यात तो शब्द त्या वेळी लिहिलेला आहे. मग त्या कागदात शिक्षेचं वर्णन काय आहे ते बघ. ते वाक्य लिहायला महिना गेला तरी जाऊ दे.

आणि ही मागची फुटनोट स्वतःच्या नावावर उचलू नकोस हं. मधल्या पुस्तकानं मुंबईच्या दप्तरातली फाईल दिलीय, आपण ती फाईल बघितली नाही, तरी थेट फाईलचा नंबर छापायचा, हे सर्रास चालतं आणि ही उसनवारी मला मनापासून वाईट वाटते. फाईल बघितली नसशील तर "अमुक पुस्तकात उद्धृत" असं लिही. त्यात कमीपणा नाही, वाचणाऱ्याला नीट कळतं की तू कुठपर्यंत पोचलीस.

आता कागद शोधायला जाशील तेव्हा एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर, नाहीतर दोन दिवस फुकट जातील. 1942 ला सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यात, सांगली शहर सांगली संस्थानात, आणि तुझं कुंडल औंध संस्थानात. संस्थानं विलीन झाल्यावर 1 ऑगस्ट 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं 21 नोव्हेंबर 1960 ला. त्यामुळं मुंबईला पुराभिलेखागारात गृहखात्याच्या फाईली मागवताना यादीत सांगली शोधत बसलीस तर हाताला काही लागणार नाही आणि तू म्हणशील पुरावाच नाही. सातारा शोध, औंध शोध. आणि ही हद्द नुसती यादीपुरती नाहीये, इंग्रजांचा पोलिस एका गावात आणि संस्थानचा पोलिस शेजारच्या गावात, हे भूमिगतांना चांगलं माहीत होतं आणि त्याचा त्यांनी वापर केला, म्हणजे एकाच घटनेचे कागद पण दोन सरकारांकडं निघू शकतात.

फाईल मिळाली की आनंदानं उड्या मारशील, मार, पण सरकारी कागद त्या वेळचा आहे म्हणून तो खरा असं धरू नकोस. प्रायमरी म्हणजे जवळचा, खरा असेलच असं नाही. गोळीबार करणारा अधिकारी त्याच संध्याकाळी रिपोर्ट लिहितो तेव्हा तो आपली नोकरी सांभाळत लिहितो. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि परशुराम घार्गे आणि बाकीचे हुतात्मे झाले, त्या दिवसाचा सरकारी कागद आणि मोर्चातल्या माणसाची आठवण समोरासमोर ठेवून वाचायची, एकट्यानं कुठलाच वाचायचा नाही. दुसरं, पोलिसांच्या कागदात दरोडेखोर हा शब्द दिसला की थांब. इंग्रज सरकार भूमिगतांनाच दरोडेखोर म्हणायचं, आणि त्याच काळात ह्या भागात खरोखरचे दरोडेखोर पण होते ज्यांचा बंदोबस्त प्रतिसरकारनं केला. एकच शब्द, माणसं अगदी उलट. नाव, गाव, तारीख जुळवल्याशिवाय पुढं जाऊ नकोस.

पेन्शनच्या फाईलींचं पण सांगते कारण तू त्यावर फार भरवसा ठेवलायस. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन 1972 ला सुरू झाली, म्हणजे त्यातली प्रतिज्ञापत्रं घटनेनंतर तीस वर्षांनी आणि एका ठराविक कारणासाठी लिहिलेली, किती दिवस तुरुंगात, किती दिवस भूमिगत हे सिद्ध करायला. स्वातंत्र्यानंतर चळवळीतल्या माणसाला आपली ओळख सरकारदरबारी कशी मांडावी लागली यावर तू लिहिणार असशील तर त्या फाईली सोनं आहेत. 1943 च्या अमुक रात्री काय झालं यासाठी मात्र त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी आधार लागणार. आणि एक जाता जाता, बायकांनी किती निरोप पोचवले, किती भाकऱ्या बडवल्या, हत्यारं कुठं लपवली, हे असल्या फॉर्मच्या रकान्यात बसतच नाही, ते तुला घरातच विचारावं लागेल.

हे सगळं वाचून सेकंडरीला कमी लेखू नकोस. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट कासेगावात राहिल्या, आपल्या भागातल्या लोकांत मिसळल्या आणि सत्यशोधक चळवळीचा आणि प्रतिसरकारचा धागा त्यांनी जोडून दाखवला, तो धागा तुला कुठल्याही एका पोलिस फाईलीत लिहिलेला सापडणार नाही. कागद तुकडे देतो, त्यांचा अर्थ लावायला आधी कुणी काय म्हटलंय ते माहीत लागतं. वाईचा मराठी विश्वकोश, विकिपीडिया हे तर त्याच्याही पुढचं, सेकंडरीवरनं केलेलं, ते पण वाच, पण तारखा समजून घ्यायला आणि पुढं कुठं जायचं ते कळायला, फुटनोटला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 ला काढला तो वाईला मिळालेल्या जुन्या पत्रांतनं. नुसती पत्रं छापून ते थांबले नाहीत, त्याला लांब प्रस्तावना पण लिहिली. पत्रं आजही तशीच्या तशी वापरतात, प्रस्तावनेशी लोक आजही वाद घालतात. एकाच जिल्दीत दोन्ही.

घाई एकाच बाबतीत कर. पत्री सरकारात स्वतः काम केलेली माणसं एकेक करून गेली, जी. डी. बापू लाड 2011 ला गेले, नागनाथअण्णा 2012 ला, हौसाताई 2021 ला, कॅप्टन भाऊ 2022 ला. आता ज्यांना काही आठवतं ते तेव्हा लहान पोरं होती, आणि पोरांना रात्री दार वाजलेलं आठवतं, आईचा चेहरा आठवतो, ठराव आठवत नाहीत, तर त्यांना तेच विचार. आणि घरातल्या ट्रंका. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा नदीकाठच्या गावातनं किती पत्रं, किती फोटो, किती तुरुंगाच्या चिठ्ठ्या चिखलात गेल्या त्याची नोंद कुणाकडंच नाही. एखाद्या घरात कागद दिसला की तिथंच उजेडात नेऊन फोटो काढ, मागची बाजू पण, पाकीट पण, कुणाकडं कुठल्या ट्रंकेत मिळाला ते त्याच दिवशी वहीत लिही, आणि कागद त्यांचा त्यांना परत दे.

तुझ्या मैत्रिणीच्या पणजीबद्दल तू लिहिलंस, ब्याण्णव वर्षांच्या, म्हणजे तेव्हा दहा-अकराच्या असणार. त्यांच्याकडं येत्या रविवारीच जाऊ. मी सकाळच्या पॅसेंजरनं किर्लोस्करवाडीला उतरते, तू गाडी घेऊन स्टेशनवर ये. फोन पूर्ण चार्ज करून आण, आणि चॅप्टरची प्रिंट पण आण, 43 फुटनोट आपण परतीच्या गाडीची वाट बघत एक-एक करून बघू.

तुझी,
मॅडम
विश्रामबाग, सांगली