सायकलचे टायर ट्यूबलेस करावेत की ट्यूबमध्येच सीलंट टाकावं?

प्रश्न: माझ्या हायब्रिड सायकलला ३८ मिमीचे टायर आहेत. काट्यांमुळे वरचेवर पंक्चर होतं. टायर ट्यूबलेस करून घेऊ, की आहे त्या ट्यूबमध्येच सीलंट टाकू?

टायरची रुंदी आणि पंक्चरचं कारण दोन्ही सांगितलंत, ते बरं झालं. ट्यूबलेसचा निर्णय मुख्यतः याच दोन गोष्टींवर ठरतो. ३८ मिमी आणि काटे असतील, तर माझं मत सरळ आहे: ट्यूबलेस करून घ्या. अट एवढीच की दर दोन-तीन महिन्यांनी चाकाकडे लक्ष द्यायची तयारी हवी. सायकल महिनोन्‌महिने भिंतीला टेकून उभी राहणार असेल, तर ट्यूबच बरी.

मोटारीच्या ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट नसतं, मग सायकललाच का लागतं, असं अनेकांना वाटतं. मोटारीचा टायर जाड असतो आणि त्याच्या आत हवा धरून ठेवणारा रबराचा वेगळा थर असतो. सायकलचा टायर हलका ठेवायचा म्हणून पातळ बनवतात. त्यामुळे बहुतेक ‘ट्यूबलेस रेडी’ टायर सीलंट टाकल्यावरच नीट हवा धरतात. हे सीलंट बहुधा पातळ केलेलं लॅटेक्स असतं आणि त्यात बारीक कण मिसळलेले असतात. काटा घुसला की हवेच्या जोराने सीलंट भोकाकडे धावतं, कण तिथे अडकतात, लॅटेक्स गोठतं आणि जखमेवर खपली धरावी तसं भोक बंद होतं. काट्याएवढ्या भोकाचं पंक्चर झालेलं कित्येकदा कळतही नाही.

पण मला पंक्चरपेक्षाही मोठा फायदा वाटतो तो हवेच्या दाबाचा. ट्यूब असली की हवा फार कमी ठेवता येत नाही. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. ट्यूबच नाही म्हटल्यावर ही भीती गेली. आज तुम्ही ५० पीएसआय ठेवत असाल, तर ४० ते ४५ वर चालवून बघा. चाक रस्ता धरून चालतं, खडी आणि भेगा हाताला कमी जाणवतात आणि लांबच्या पल्ल्यावर मनगटं दुखत नाहीत. ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासणंही थांबतं, त्यामुळे चाक थोडं हलकं फिरतं. माउंटन बाइकवाल्यांनी हे सगळ्यांत आधी उचललं ते उगाच नाही. १९९९ मध्ये माव्हिक कंपनीने यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली तीसुद्धा माउंटन बाइकसाठीच, कारण रुंद टायर आणि कमी हवा तिथेच होती.

अरुंद टायरचं गणित मात्र उलटं असतं. २५ मिमीच्या रेसिंग टायरमध्ये ८०-९० पीएसआय हवा असते. इतक्या जोराने बाहेर पडणारी हवा सीलंटला गोठायला उसंतच देत नाही, ते फवाऱ्यासारखं उडून जातं. अशा सायकलला मी ट्यूबलेस सुचवत नाही.

आता त्रासाकडे येतो. टायर पहिल्यांदा बसवताना त्याची कड रिमच्या खाचेत एका दमात चढावी लागते. साध्या पंपाने ती कधी चढते, कधी अजिबात चढत नाही. व्हॉल्व्हचा आतला गाभा काढून हवा भरली आणि कडेला साबणाचं पाणी लावलं, तर काम सोपं होतं. तरीही अडलं, तर कॉम्प्रेसर लागतो. कड बसताना फटाफट आवाज येतात, घाबरू नका. हवा स्पोकच्या भोकांतून निसटत असेल, तर ती भोकं झाकणारी रिमवरची पट्टी नीट चिकटलेली नाही असं समजा.

सीलंट कायमचं टिकत नाही. तुमच्या टायरला साधारण ६० मिली पुरेल, पण ते दोन ते सहा महिन्यांत वाळतं, उन्हाळ्यात आणखी लवकर. चाक काढून कानाजवळ हलवा. आत पाण्यासारखा आवाज आला नाही, तर नवीन टाकायची वेळ झाली. व्हॉल्व्हमध्येही लॅटेक्स साचतं आणि हवा जाईनाशी होते, म्हणून एक जादा गाभा जवळ ठेवा. हवा काढताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असू द्या, म्हणजे सीलंट त्यात शिरणार नाही.

काचेने टायर मोठा चिरला, तर सीलंट हात टेकतं. तिथे रबराचा प्लग खुपसावा लागतो, आणि त्यानेही भागलं नाही तर शेवटी ट्यूबच घालावी लागते. म्हणून एक ट्यूब सोबत हवीच. ती घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवून बघा. इतके दिवस सीलंटने गुपचूप बुजवलेले सगळे काटे तिथे टोकं वर काढून बसलेले असतात आणि नव्या ट्यूबला पहिल्या फेरीतच भोकं पाडतात. हात चिकट होतात ते वेगळंच. शिवाय ट्यूबलेस टायरची कड घट्ट असते, म्हणून टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, मजबूत घ्या.

ट्यूबमध्ये सीलंट टाकण्याचा पर्याय वाईट नाही. काट्यांपुरतं ते काम करतं आणि काही बदलावं लागत नाही. व्हॉल्व्हचा गाभा निघणारा मात्र हवा, आणि बाटली ट्यूबसाठीच बनवलेल्या सीलंटची घ्या. चिमटून पडलेल्या चिरांवर त्याचा उपयोग होत नाही, हवा कमी ठेवण्याची सोय मिळत नाही आणि ओल्या ट्यूबवर पॅच धरत नाही.

खर्च करण्याआधी रिम आणि टायर दोन्हींवर ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलंय का ते बघा. साध्या रिमला पट्टी चिकटवून जुगाड करणारे आहेत, पण भर वेगात कड निसटली तर पडण्याची भीती असते, म्हणून मी ते करू देणार नाही. रिम ‘हुकलेस’ असेल, म्हणजे टायरची कड अडकवणारा आकडा तिच्या काठाला नसेल, तर कंपनीने मान्य केलेलाच टायर बसवा आणि ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर कधीही जाऊ नका. रिम साधीच निघाली, तर सध्या ट्यूबमध्ये सीलंट टाका आणि पुढचा टायर घेताना आत काटारोधक थर असलेला निवडा.