नंबर दिला बिलाला, फोन आले लोनचे

मागच्या अंकात डेटा कायद्यावर दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच लागला. निवडक घेतोय. आधी तारखेचं सांगून टाकतो, निम्मा गोंधळ तिथेच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, पण त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू होणार. तक्रारी ऐकून दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच, पण आपल्या कामाची कलमं म्हणजे संमती, नोटीस, दंड वगैरे १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये. त्यामुळे खाली "नवा कायदा" म्हटलं की ती तारीख डोक्यात ठेवा.

नवी पेठेतल्या एका दुकानात मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधला. बिल मोबाईलवर पाठवतो म्हणून नंबर घेतला. आता त्यांचे सेलचे मेसेज रोज येतात आणि वर लग्नासाठी लोन, हॉल, मेकअपवाल्यांचे फोन सुरू झालेत. नव्या कायद्यात भरपाई मिळेल का? (वधूमाय, जुळे सोलापूर)

ताई, आधी कडू गोळी. नव्या कायद्यात तुम्हाला भरपाई नाही. दंड मोठमोठे आहेत, पण मंडळाने वसूल केलेला पैसा सरकारच्या तिजोरीत जातो, ग्राहकाच्या हातात रुपया येत नाही. आणि गंमत बघा, माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्यात ४३ए नावाचं एक कलम आहे, कंपनीने तुमची संवेदनशील माहिती नीट सांभाळली नाही तर भरपाई मागायची सोय त्यात आहे, तेही या नव्या कायद्याने काढून टाकायचं ठरवलंय. मला हे अजिबात पटलेलं नाही.

पण तुमची बाजू पडती नाही. बिलासाठी नंबर घेतला तर तो बिलापुरताच. कायद्यातच औषधाच्या दुकानाचं उदाहरण दिलंय, की गिऱ्हाइकाने पावतीचा मेसेज यावा म्हणून नंबर दिला तर दुकानदाराने तो पावती पाठवायला वापरावा. सेलच्या मेसेजला वेगळी संमती लागेल, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. म्हणजे एका टिकने दिली असेल तर बंद करायला "दुकानात येऊन अर्ज द्या" असं चालणार नाही. संमती मागताना जी नोटीस द्यायची ती मराठीत वाचायला मिळण्याचा हक्कही आहे, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीसही भाषांची सोय ठेवावी लागेल.

आणि मे २०२७ ची वाट बघत बसायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आज लागू आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तिथे भरपाई मागता येते. तक्रार आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात किंवा ई-जागृती पोर्टलवर करता येते, खरेदी पाच लाखांच्या आतली असेल तर फी शून्य. अडचण पुराव्याची. हॉलवाल्याला तुमचा नंबर दुकानातूनच गेला हे कसं दाखवणार? तो विवाहमंडळाच्या नोंदणीतून गेला असू शकतो, पत्रिका छापणाऱ्याकडूनही. म्हणून आता फोन आला की चिडून कट करू नका, "नंबर कुठून मिळाला" एवढं विचारा, उत्तर बहुतेक वेळा "कंपनीने दिला" असं गोलमोल येतं पण कधीतरी एखादा नवखा पोरगा दुकानाचं नाव घेतोच, ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. दुकानाला लेखी कळवा की माझा नंबर फक्त बिलापुरता होता, यादीतून काढा. व्हॉट्सअपवर कळवलंत तरी चालेल, स्क्रीनशॉट राहतो.

फोन आणि एसएमएससाठी १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन-मेसेज बंद करायची सोय) लावून घ्या. व्हॉट्सअपच्या मेसेजला ते लागू होत नाही, तिथे ब्लॉक आणि रिपोर्टच.

मी घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. ऑर्डर व्हॉट्सअपवर आणि एका छोट्या वेबसाइटवर येतात. गिऱ्हाइकांची नावं-पत्ते एक्सेलमध्ये आहेत. कोणीतरी सांगितलं २५० कोटी दंड आहे, झोप उडाली. (अक्कलकोट रोड)

झोपा निवांत. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, डेटा सुरक्षित ठेवायची वाजवी काळजी घेतली नाही त्यासाठीची. चूक किती गंभीर, किती दिवस चालली, पुन्हा पुन्हा केली का, नुकसान कमी करायला काय केलं, हे सगळं बघून मंडळ रक्कम ठरवेल. पण "मी लहान आहे, मला लागू नाही" असंही समजू नका, कायद्यात उलाढालीची खालची मर्यादा नाही. काही स्टार्टअप वगैरेंना सरकार काही कलमांतून सूट देऊ शकतं, पण तुमचं नाव त्यात येईलच असं धरून बसू नका.

तुमचं खरं काम त्या एक्सेलमध्ये आहे. उघडा आणि एकेक कॉलम बघा. नाव, पत्ता, फोन ठीक, त्याशिवाय पार्सल जाणार कसं. वाढदिवस कशाला? दोन वर्षांपूर्वी दिवाळीत एकदा चटणी नेलेल्या माणसाचा पत्ता अजून कशाला? जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही. जीएसटी नोंदणी असेल तर बिलं मात्र ठरलेली वर्षं ठेवावीच लागतात, गिऱ्हाईक "माझं सगळं डिलीट करा" म्हणालं तरी, तेवढं त्याला सरळ सांगायचं.

फाईलला पासवर्ड लावा. पॅकिंगला येणाऱ्या बाईंना किंवा भाच्याला अख्खी शीट फॉरवर्ड करायची सवय मोडा, त्या दिवसाचे पत्ते तेवढे द्या. कुरिअरवाल्याला पत्ता देणं चालतं, पण त्याने घोळ केला तरी जबाबदारी तुमचीच राहते, त्यामुळे कोणाशी काम करताय त्याच्याशी लेखी ठरवून घ्या. आणि पापडवाली मैत्रीण "तुझी लिस्ट दे ना" म्हणाली तर गोड बोलून नाही म्हणा, इथेच बहुतेक घरगुती धंदे फसतात.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये टाकायच्या आधी विचारा. "नवीन मालाचे मेसेज पाठवू का?" आणि समोरून "हो" आलं की ते चॅट जपून ठेवा. जुन्या गिऱ्हाइकांना कायदा लागू झाल्यावर एक नोटीस पाठवावी लागेल, की तुमची ही ही माहिती माझ्याकडे आहे, या कामासाठी आहे, नको असेल तर कळवा. फोन चोरीला गेला आणि त्यात यादी असेल तर तीही डेटा फुटण्यातच मोडते. गिऱ्हाइकांना आणि मंडळाला लगेच कळवायचं, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत.

आमचे टेरी टॉवेल चाटी गल्लीतून बाहेर जातात. मुलाने वेबसाइट काढून थेट जर्मनीत विकायला सुरुवात केलीय, युरोत किमती लावून. सीए म्हणतात युरोपचा कायदा लागतो. सोलापुरात बसून? (कारखानदार)

लागतो. युरोपचा डेटा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून आहे आणि कंपनी कुठे आहे यापेक्षा माल कोणाला विकायला काढलाय हे तो बघतो. युरोत किंमत, जर्मन भाषेतलं पान, तिकडे डिलिव्हरी, एवढं असेल तर तुम्ही तिथल्या ग्राहकालाच विकताय हे उघड आहे. हँबुर्गच्या एका व्यापाऱ्याला कंटेनर पाठवणं आणि तिथल्या घराघरात पार्सल पाठवणं यात हाच फरक. दंडाची कमाल रक्कम २ कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, जी जास्त ती. मुलाला सांगा, जाहिरातीच्या कुकीज (ग्राहक काय बघतो याची नोंद ठेवणाऱ्या छोट्या फायली) ग्राहकाने होकार दिल्याशिवाय सुरू करू नको आणि प्रायव्हसी पॉलिसी दुसऱ्या साइटवरून उचलून चिकटवू नको. कोणाकोणाच्या पॉलिसीत अजून दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसतं, मी बघितलंय.

मुलगी पंधरा वर्षांची. क्लासच्या ॲपने तिचं आधार मागितलं. (सात रस्ता)

क्लासला आधारची सक्ती करता येत नाही, दुसरं ओळखपत्र द्या. नव्या कायद्यात १८ च्या आतलं सगळं बालक, पालकांची खात्रीशीर संमती लागणार आणि मुलांना टिपून जाहिराती दाखवायला बंदी. शिक्षण संस्थांना अभ्यासाच्या आणि सुरक्षेच्या कामापुरती यातून सूट आहे, जाहिरातीसाठी नाही.

दुकानात नंबर विचारला की मी आकडे बदलून सांगतो. गुन्हा आहे का? (सेवानिवृत्त, रेल्वे लाइन्स)

नव्या कायद्यात ग्राहकाचीही कर्तव्यं आहेत, दुसऱ्याच्या नावाने वावरणं किंवा खोटी तक्रार करणं यासाठी १० हजारांपर्यंत दंड आहे. तुमचं प्रकरण तिथपर्यंत जाईल असं वाटत नाही काका, पण ते बदललेले आकडे कोणाचा तरी खरा नंबर असतात आणि तो बिचारा तुमच्या वाटणीचे मेसेज खातोय. सरळ "नंबर देत नाही, कागदावर बिल द्या" म्हणा. नंबर दिल्याशिवाय बिलच करत नाही अशी अडवणूक करू नका, असं ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. तरी कॅशिअर अडून बसला तर त्याच्यासमोरच १९१५ लावा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.