जो सामना पाहिला नाही, तोच पहिला

गेल्या अंकात मी ऑबर्नमधल्या माझ्या शनिवारांबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या या विद्यापीठाच्या गावी मी २०१२च्या ऑगस्टमध्ये पॉलिमर आणि फायबर इंजिनीअरिंगमध्ये एम.एस. करायला आले, आणि पदवीसोबत अमेरिकन फुटबॉलचं वेडही घेऊन बाहेर पडले. 'संस्मरणीय सामने कोणते ते पुन्हा कधीतरी' असं लिहून मी तेव्हा काढता पाय घेतला होता. वाचकांनी तो घेऊ दिला नाही.

प्रश्न : ऑबर्नचा एकच सामना निवडा. एकच. आणि कारण द्या.

शाळेतल्या पेपरात असायचा तसा प्रश्न आहे हा, पण उत्तर तयार आहे. १६ नोव्हेंबर २०१३, जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध, ४३-३८. कारण असं, की त्यातला सर्वांत मोठा क्षण मी पाहिलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी आले त्या वर्षी संघाने बारापैकी तीन सामने जिंकले होते. आपल्या गटातले, म्हणजे एसईसीमधले, आठच्या आठ हरले. शेवटी राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाने, अलाबामाने, ४९-० असं धुतलं. माझी रूममेट म्हणाली, "तू पायगुणाची दिसतेस." पुढच्या वर्षी गस माल्झान प्रशिक्षक म्हणून आले आणि तोच संघ जिंकत सुटला. त्यामुळे जॉर्जियाच्या सामन्याला आम्ही सगळे जरा माजातच बसलो होतो. चौथ्या क्वार्टरमध्ये ३७-१७ अशी आघाडी होती.

ती आघाडी बघता बघता विरघळली. एक टचडाउन (म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेणं), मग दुसरा, आणि दोन मिनिटं शिल्लक असताना तिसरा. जॉर्जिया ३८, आम्ही ३७. मी उठले. सोमवारी असाइनमेंट द्यायची होती, पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर मला हरलेल्या गर्दीतून घरी जायचं नव्हतं. गेटातून बाहेर पडून हेली सेंटरच्या बाजूला वळले. अंधार पडला होता. माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ चालले होते. अंगात केशरी स्वेटर, काखेत स्टेडियमच्या बाकावर टाकायची उशी, कानात रेडिओ.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागतो. आमचा चौथा प्रयत्न होता आणि जायचं होतं अठरा यार्ड. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्या गृहस्थांना ठाऊक होतं. ते चालता चालता थांबले. त्यांची पाठ मला अजून दिसते. खांदे कानांपर्यंत गेले होते.

मग आवाज आला. आधी एक 'आऽऽ', चालत्या गाडीने करकचून ब्रेक लावल्यासारखा. मध्ये क्षणभर काहीच नाही. आणि मग असा आवाज, की तो कानांना नाही, छातीला लागला. गृहस्थांनी उशी वर भिरकावली. ती बाजूच्या झुडपावर जाऊन बसली. ते माझ्याकडे वळून ओरडले, "लुईस! लुईसने पकडला!" मी मागे पळत सुटले.

घडलं होतं ते असं. आमच्या निक मार्शलने चेंडू लांबवर फेकला. तो थेट जॉर्जियाच्या दोन बचावपटूंच्या मधोमध गेला. दोघांनीही उडी मारली, आणि त्यांच्यापैकी एकाचा हात लागून चेंडू खाली पडण्याऐवजी पुढे उडाला. मागून पळत येणाऱ्या आमच्या रिकार्डो लुईसला तो शेवटच्या क्षणी दिसला. त्याने मान वळवली, चेंडू हातात एकदा नाचवला, पकडला आणि थेट टचडाउन. ७३ यार्ड. २५ सेकंद उरले होते. त्या दोघांपैकी एकाने जरी नुसता खाली चापट मारून चेंडू पाडला असता, तरी सामना संपला होता.

या चेंडूला लोक 'प्रेअर अॅट जॉर्डन-हेअर' म्हणतात. जॉर्डन-हेअर हे स्टेडियमचं नाव, आणि इंग्रजीत यमकही जुळतं.

प्रश्न : पण सगळं जग 'किक सिक्स'बद्दल बोलतं, म्हणजे अलाबामाची चुकलेली किक झेलून ऑबर्नचा खेळाडू पळत सुटला त्या सामन्याबद्दल, आणि तो तर तुम्ही आत बसून पाहिलात. तो पहिला का नाही? दुसरी शंका : मारलेली किक चुकली तर चेंडू मेला ना? मग तो खेळाडू पळाला कसा?

आधी शंका. फील्ड गोलसाठी, म्हणजे दोन खांबांच्या मधून पार जावा म्हणून लाथेने मारलेला चेंडू खांबांच्या पलीकडे किंवा बाजूने सीमेबाहेर गेला तर मेला. पण तो आखूड पडला आणि बचाव करणाऱ्याने मैदानाच्या आत झेलला, तर तो जिवंत असतो. एंड झोन, म्हणजे गोलरेषेमागचा पट्टा, मैदानाचाच भाग आहे. हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण वापरायची वेळ सहसा येत नाही.

३० नोव्हेंबर २०१३. जॉर्जियाच्या सामन्यानंतर बरोबर दोन आठवडे. अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, लागोपाठ दोन वर्षांचा विजेता. आम्ही चौथे. दर वर्षीच्या या लढतीला आयर्न बोल म्हणतात, बर्मिंगहॅमच्या लोखंड-पोलादाच्या धंद्यावरून. घराघरात दोन तट असतात. लग्न ठरवताना लोक म्हणे हेही विचारतात.

३२ सेकंद असताना आम्ही २८-२८ केलं. मग अलाबामाचा यल्डन चेंडू घेऊन आमच्या ३८ यार्डांपर्यंत येऊन सीमेबाहेर गेला आणि घड्याळ शून्यावर आलं. आम्ही श्वास सोडला. सामना ओव्हरटाइममध्ये जाणार होता. पण अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी आग्रह धरला, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि एक सेकंद परत दिला. एक. त्या एका सेकंदात काय करायचं, तर ५७ यार्डांवरून फील्ड गोल. त्यांच्या नेहमीच्या किकरचे त्या दिवशी तीन गोल हुकले होते, म्हणून नवख्या अॅडम ग्रिफिथला उतरवलं. माल्झान यांनी टाइमआउट घेतला आणि ख्रिस डेव्हिसला थेट गोलखांबाखाली नेऊन उभं केलं.

किक आखूड पडली. डेव्हिसने ती एंड झोनच्या मागच्या रेषेपाशी झेलली आणि डाव्या कडेने पळत सुटला. गंमत अशी, की फील्ड गोलच्या वेळी मारणाऱ्याच्या पुढे सगळे भारदस्त गडी उभे असतात. किकरला जागा करून द्यायची एवढंच त्यांचं काम. पाठलाग करणं त्यांच्या वाट्याला कधी येत नाही, आणि त्या दिवशी आलं. रेकॉर्डमध्ये १०० यार्डांची नोंद आहे, कारण त्यापुढे मोजत नाहीत; गावात विचाराल तर १०९. ऑबर्न ३४, अलाबामा २८.

मी होते, हे खरं. पण माझी उंची पाच फूट, आणि विद्यार्थी बाकावर चढून उभे. मी ते सगळं दोन कोपरांमधल्या फटीतून पाहिलं, किंवा पाहिलं असं मला वाटतं. त्यानंतर ती चित्रफीत किती वेळा बघितली असेन याला सुमार नाही. रॉड ब्रॅम्ब्लेट यांचं रेडिओवरचं समालोचन, आवाज फाटेपर्यंत ओरडलेलं, मला तोंडपाठ आहे. (२०१९मध्ये ते आणि त्यांची पत्नी मोटार अपघातात गेले, त्यानंतर मला ते ऐकताना मध्येच थांबावं लागतं.) आता गोची अशी, की डोळे मिटले तर मला टीव्हीचा कॅमेरा दिसतो, ती फट दिसत नाही. जॉर्जियाच्या सामन्याचं तसं होत नाही. झुडपावर बसलेली ती उशी कोणत्याच कॅमेऱ्यात नाही.

प्रश्न : तुमच्या जन्माआधीच्या सामन्यांबद्दल लोक तुमच्याशी बोलतात का?

बोलतात? भाड्याच्या घराची किल्ली हातात ठेवायच्या आधी माझ्या घरमालकीणबाईंनी १९७२ सांगितलं होतं.

ती हकिगत अशी. अलाबामा अजिंक्य, देशात दुसऱ्या क्रमांकावर. चौथ्या क्वार्टरमध्ये १६-० पुढे. ऑबर्नचा हल्ला दिवसभर निपचित. कसाबसा एक फील्ड गोल झाला, १६-३, आणि लोकांनी त्यालाही शिट्या घातल्या, असं बाई म्हणाल्या. मग अलाबामाने पंट मारला, म्हणजे चेंडू लाथेने लांब पाठवायचा तो फटका. बिल न्यूटनने तो अडवला. उसळलेला चेंडू डेव्हिड लँगनरने उचलला आणि टचडाउन. थोड्या वेळाने पुन्हा पंट. पुन्हा न्यूटनने अडवला. पुन्हा लँगनरने उचलला. पुन्हा टचडाउन. त्याच दोघांनी, त्याच पद्धतीने! १७-१६. 'पंट, बामा, पंट' अशी चिठ्ठी गाड्यांच्या मागे चिकटलेली असायची. बाई मला सांगताना दुसरा पंट मुद्दाम हळू सांगायच्या, जणू या वेळी तो अडवला जातो की नाही याची त्यांनाही खात्री नाही.

त्यांचा लाडका सामना मात्र तो नव्हे. २ डिसेंबर १९८९. तोवर वर्षानुवर्षं आयर्न बोल बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर व्हायचा. त्या दिवशी अलाबामाचा संघ पहिल्यांदा ऑबर्न गावात खेळायला आला आणि ३०-२० हरून गेला. यात चमत्कार काहीच नाही, चांगला खेळून जिंकलेला साधा सामना. पण बाई म्हणायच्या, "बाकी सगळे सामने आम्ही जिंकले. हा गावाने जिंकला."

१९८२मध्ये अलाबामाविरुद्ध पहिल्या वर्षाला असलेल्या बो जॅक्सनने चौथ्या प्रयत्नात माणसांच्या ढिगावरून झेप घेऊन २३-२२ केलं आणि सलग नऊ वर्षांच्या पराभवांची माळ तोडली, हेही ऐकून ऐकून पाठ झालं. २०१० मी थोडक्यात चुकले : अलाबामाच्या घरी, टस्कलूसात, २४-० मागे पडून कॅम न्यूटनच्या संघाने २८-२७ असा सामना फिरवला, आणि पुढे जानेवारीत ऑरेगनला २२-१९ हरवून विजेतेपद घेतलं.

प्रश्न : जिंकल्यावर झाडांना टॉयलेट पेपर गुंडाळतात हे खरं का? घाण नाही वाटत?

खरं आहे. टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे, तिथल्या ओकच्या झाडांवर रोल भिरकावतात. कोरा कागद असतो हो, घाण कसली! लांबून बर्फ पडल्यासारखं दिसतं. पण मी पोचले तेव्हा ती झाडं मरणपंथाला लागली होती. २०१०च्या त्या पराभवानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने मुळांशी तणनाशक ओतलं आणि रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून तसं सांगितलंही. कित्येक दशकांची झाडं. २०१३च्या एप्रिलमध्ये ती तोडली. म्हणजे किक सिक्सच्या रात्री चौकात झाडंच नव्हती; त्यांच्या जागी तारा ओढल्या होत्या, आणि आम्ही त्या तारांवर कागद टाकला. पुढे नवी झाडं लावली. पण तारांवरून लोंबणारा तो कागद मला जास्त आवडला होता, हे ऑबर्नच्या माणसांसमोर मी बोलत नाही.

प्रश्न : माझा मुलगा यंदा तिथेच एम.एस.ला जातोय. शनिवार सगळे खेळात घालवेल का?

घालवेल, ताई. रविवारी अभ्यास करेल. माझा झाला.

प्रश्न : नुसते विजयच सांगताय. हरलेला एखादा सामना लक्षात नाही?

दोन आहेत. पहिला ६ जानेवारी २०१४चा. किक सिक्सच्या जोरावर आम्ही अंतिम सामन्यात, पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये, फ्लोरिडा स्टेटविरुद्ध. एके वेळी २१-३ पुढे होतो. १३ सेकंद असताना त्यांनी टचडाउन केला आणि ३४-३१ने जिंकले. रूममेटने टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला घेतली. भांडी आधीच घासलेली होती.

दुसरा २५ नोव्हेंबर २०२३चा. आता आम्ही दुसऱ्या गावी राहतो, पण आयर्न बोल ऑबर्नला असला की गाडी काढतो. जॉर्जियाच्या त्या संध्याकाळपासून माझा नियम आहे : घड्याळ शून्यावर येऊन पंच मैदानाबाहेर जाईपर्यंत उठायचं नाही. आम्ही २४-२० पुढे. एक मिनिटाहून कमी वेळ. अलाबामाचा चौथा प्रयत्न, आणि गोलरेषा ३१ यार्ड दूर. ३१! नवऱ्याने पार्किंगमधून आधी बाहेर पडायचं म्हणून किल्ली काढली होती. "चल, संपलं," तो म्हणाला. मी म्हटलं, "बस खाली."

अलाबामाच्या मिल्रोने चेंडू फेकला, आणि तो आमच्या सगळ्या बचावपटूंवरून एंड झोनच्या कोपऱ्यात आयझेया बाँडच्या हातात पडला. २७-२४.

नवरा काही बोलला नाही. पार्किंगमधून बाहेर पडायला दोन तास लागले, तेव्हाही नाही.